गॅसचे आठ मार्क

वर्धेच्या माणसाला चालून दाखवा म्हणणं म्हणजे आगाऊपणाच. ३० एप्रिल १९३६ ला, ऐन उन्हाळ्यात, गांधीजी वर्धेहून पायी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. वय ६६. त्याच गावात आम्ही धडधाकट दिसणाऱ्या लोकांना एसीच्या खोलीत पट्ट्यावर चालवतो आणि वर बिल देतो. एका शेतकऱ्याने मला थेटच विचारलं होतं, "एवढं तर मी रोज डवऱ्यामागं चालतो जी. याचे पैसे कायले?"

प्रश्न रास्त आहे. स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे टीएमटीत, नऊ मिनिटं घाम गाळून माणूस जेमतेम सहाशे मीटर चालतो, तेही जागच्या जागी. खरी गोम चढात आहे. सिॲटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ. तिसऱ्या टप्प्यात ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. वर्धा ते हिंगणघाट असा चढ औषधालाही सापडायचा नाही.

तयारीतच अर्धा दिवस जातो. "दोन-तीन तास काही खाऊ नका" असं सांगितलेलं असतं. "नाश्ता नाही केला जी, फक्त तर्री-पोहे," असं उत्तर येतं. मग छातीवरचे केस काढायचे, कारण इलेक्ट्रोड चिकटले नाहीत तर कागदावर आलेख कमी आणि भूकंप जास्त दिसतो. सिस्टर रेझर घेऊन पुढे झाली की भल्या भल्या पाटलांचं अवसान गळतं. चालण्याआधीच नाडी ११०.

टार्गेट असतं २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के. पंचावन्न वर्षांच्या माणसाला १४०. ते गाठायचं तर नाडी मोकळी हवी; पण पेशंट सकाळीच बीटा-ब्लॉकर घेऊन आलेले असतात. ती गोळी नाडीला वर जाऊच देत नाही. कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही, हे आधी डॉक्टरांना विचारायचं असतं. विचारलेलं असतं मेव्हण्याला. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, सावंगीचं १९९० चं. त्यामुळे वर्धेत घरटी एक अर्धा डॉक्टर असतोच.

पट्टा सुरू झाला की मंडळी समोरची दांडी एसटीत उभं राहिल्यासारखी गच्च धरतात. दांडीवर भार टाकला की पायांचं काम हात करतात, मिनिटं वाढतात आणि माणूस आहे त्यापेक्षा तगडा दिसतो. "काका, हात सैल सोडा." काका माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांच्या सातबाऱ्यावर नाव चढवायला निघालोय.

आणि मग तो प्रश्न. "छातीत दुखतं का?"

"दुखत नाही जी. थोडं दाटून येऊन रायलं. ग्यास असंन."

इथे मी पट्ट्यावरची नजर काढून चेहऱ्यावर लावतो. ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये एक हिशेब मांडला. चाललेली मिनिटं घ्या. त्यातून ईसीजीच्या रेघेतला एसटी सेगमेंट जितके मिलिमीटर सरकला त्याची पाचपट वजा करा. मग छातीतल्या दुखण्याची चौपट: दुखणं नसेल तर शून्य, असेल तर एक, त्यापायी थांबावं लागलं तर दोन. आता हे काका सहा मिनिटं चालले, एसटी दोन मिलिमीटर खाली गेला आणि दाटलं म्हणून थांबले. सहा वजा दहा वजा आठ, म्हणजे उणे बारा. उणे अकरा किंवा त्याखाली म्हणजे जोखीम मोठी, अँजिओग्राफीचं बोलायला हवं. पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गॅस धरला, तर ते आठ मार्क माफ. उणे चार, मध्यम गट. दाटणं, भरून येणं, जीव घाबरणं हे सगळं मी दुखण्याच्याच खात्यात टाकतो. गॅस चढावर येऊन उतारावर जात नसतो.

एसटी सरकणं म्हणजे काय, तेही यंत्रावर सोडून भागत नाही. जे-पॉइंटच्या, म्हणजे जिथून एसटी सेगमेंट सुरू होतो त्या बिंदूच्या, पुढे दोन बारीक चौकोनांवर रेघ एक मिलिमीटर खाली हवी, आणि आडवी किंवा उतरती. लगेच वर चढणाऱ्या रेघेला तितकं महत्त्व नाही. शिवाय पट्टा थांबल्यावरही काही मिनिटं बघत राहायचं असतं, कारण काहींचा आलेख बसल्यावरच बिघडतो. पेशंटला मात्र तोवर शर्ट चढवायची घाई.

सगळ्यात वैताग येतो तो हौशी टीएमटीचा. काही त्रास नसलेली चाळिशीची बाई चेकअपच्या पॅकेजमध्ये 'फ्री' म्हणून पट्ट्यावर चढते. अशा बायकांमध्ये धमन्या स्वच्छ असूनही रेघ खाली जाणं नवीन नाही. मग घरभर रडारड, पुण्याच्या मुलाचा फोन, आणि आणखी तपासण्या. तीच रेघ साठीतल्या, मधुमेही, जिना चढताना दाटणाऱ्या विडीबाज माणसात दिसली, तर मी एक अक्षरही हलक्यात घेणार नाही. पट्ट्यावर कोण चढलंय, हे यंत्राला कळत नाही. म्हणून माझा पगार अजून चालू आहे.

तेव्हा येताना ढगळ पॅन्ट, बूट आणि गोळ्यांची चिठ्ठी आणा. मेव्हण्याला घरी ठेवा. आणि बसल्या जागी छाती दाटत असेल, घाम फुटत असेल, तर टीएमटीची अपॉइंटमेंट मागूच नका. तडक कॅज्युअल्टी गाठा. तिथला ईसीजी झोपूनच काढतात.