जबड्याची कटकट आणि कानात तेल

शेलूबाजारातच काय, वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात एक आजोबा हमखास भेटतात. त्यांच्या डावीकडच्या दाढा कधीच्याच गेलेल्या असतात. भाकर, ठेचा, फुटाणे असा सगळा कारभार उजवीकडे. "दात बसवून घ्या" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "फोटोत थोडीच दिसते दाढ!"

मग एक दिवस जांभई देताना कानापाशी 'कट्ट' असा आवाज होतो. आजोबा कानात कोमट तेल टाकतात. गुण येत नाही, म्हणून तेलात लसूण तळली जाते. कान बिचारा निर्दोष असतो.

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडावं. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तो नुसता बिजागरीसारखा वळत नाही, पुढे सरकतोही. दोन हाडांमध्ये एक चकती असते. ती जागची सरकली की कटकट सुरू होते. शिवाय खालचा जबडा एकच आणि सांधे दोन. एका जुवाखालच्या बैलजोडीसारखं हे काम. एकाने अंग चोरलं की दुसऱ्याच्या मानेवर ओझं.

कानाच्या या तक्रारीचा ठपका गेलेल्या दाढांवर ठेवला तो दातांच्या नव्हे, कानांच्या डॉक्टरने. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली ११ रुग्णांच्या आधारे मांडलं, की मागच्या दाढा गेल्या की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, सांधा मागे दाबला जातो आणि कान दुखतो. पुढे कित्येक वर्षं दंतवैद्य हे प्रमाण मानत राहिले. नंतर शरीररचनेच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा कॉस्टेनचं स्पष्टीकरण टिकलं नाही. १९८१ साली नेदरलँड्सचे दंतवैद्य कायसर यांनी तर दाखवून दिलं, की मागच्या दाढा नसूनही विसेक दातांवर पुष्कळांचं नीट भागतं.

आणि गंमत पुढेच आहे. सांध्याचं हे दुखणं सर्वाधिक आढळतं ते साधारण २० ते ४० वयात, त्यातही बायकांमध्ये. म्हणजे आजोबा फुटाणे खात बसलेले आणि बत्तिशी शाबूत असलेल्या सुनेचा जबडा ठणकतोय! ताणात किंवा झोपेत दातावर दात दाबून धरण्याची सवय स्नायूंना आणि सांध्याला भोवते. घरातल्या कोणाचं बोलणं ऐकताना ती दात दाबते, हे विचारण्यात अर्थ नाही.

तरीही गेलेल्या दाढा अगदीच निर्दोष सुटत नाहीत. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो, चावा बिघडतो. वर्षानुवर्षं झिजलेली कवळी तर हनुवटी नाकाच्या भेटीला नेते. काहींची कवळी डबीत जपलेली असते, लग्नाकार्यापुरती. जेवताना ती परत डबीत!

उपाय फार नाटकी नाहीत. काही दिवस मऊ खाणं, शेक, जबड्याचे व्यायाम, कधी रात्री दातांवर घालायची पट्टी. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर उपचारही लागत नाहीत. दात बसवावेत ते नीट चावता यावं म्हणून. आवाज थांबावा म्हणून चांगले दात घासून कमी करून घेण्याची घाई नको.

खर्रा खाणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यातल्या सुपारीने गालाचं अस्तर आतून आवळत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. तो सांध्याचा दोष नव्हे आणि त्यातून कर्करोगाचा धोका असतो. साधारणपणे आपलीच तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत. मावत नसतील, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून दंतवैद्याकडे जावं. समृद्धी महामार्गावर चढायची सोय आता शेलूबाजारलाच आहे आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.