वाघ दिसला का?

बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाखाली आहे. म्हणूनच बहुधा वारासिवनीच्या हौशी कुटुंबाला जंगल पाहायला पार कान्हाच्या मुक्की गेटपर्यंत जावे लागते. घराजवळच्या सागाला ना तिकीट, ना रांग. मग सांगायचे काय?

पहाटे जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाइड आणि चालक. खाली उतरायला बंदी, आवाजाला बंदी. पहिली बंदी सगळे पाळतात.

गाइड बिचारा साल दाखवतो, रानगवा दाखवतो, मग बारशिंगा. १९७० मध्ये कान्हात जेमतेम ६६ बारशिंगे उरले होते. कुंपणातली पैदास आणि मोकळी झालेली कुरणे यांमुळे ते वाचले. त्यांपैकी कित्येक कुरणे कधी काळी बैगा-गोंडांची गावे होती. ती उठवली गेली, तेव्हा गवत वाढले. मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी समोर चरत असतो आणि मागच्या सीटवरून काकू विचारतात, "हे हरणच ना? मग गाडी पुढे घ्या की!"

१९५५ चे राष्ट्रीय उद्यान, १९७३ पासूनचा व्याघ्र प्रकल्प, सुमारे ९४० चौरस किलोमीटरचा गाभा. एवढ्या पसाऱ्याचा हिशेब एका प्रश्नात होतो: वाघ दिसला का? नसेल, तर पैसे पाण्यात.

परतताना वाटेत चहा होतो. तेवढ्यात काकांनी मोबाइलवर ताडोबाचे दर काढलेले असतात.