हजार-वीसचा थाट

बीदरला कलबुर्गीची बस चुकली, म्हणून तूर घेऊन कलबुर्गीच्या डाळमिलला निघालेल्या ट्रकमध्ये चढलो. चढलो म्हणजे गिर्यारोहणच केलं. मालकांनी नुकतेच नऊशे-वीसच्या मापाचे टायर काढून त्याहून मोठे हजार-वीसचे बसवले होते, तेही जाडजूड डिस्कसकट. "गाडी कशी भारदस्त दिसते!" मालक म्हणाले. दिसत होती, थोरल्या भावाचे बूट घालून बोहल्यावर चढलेल्या नवरदेवासारखी.

पंधराव्या शतकात बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला वर गेली. आम्ही उलटे, दोनेकशे मीटर खाली निघालो होतो. आणि उतारावर थाट कामाला येत नाही, ब्रेक येतो. पहिल्याच वळणाला ड्रायव्हरमामा स्टेअरिंगशी असे झोंबले, जणू पोळ्याचा बुजलेला बैल आवरताहेत. पुरतं वळवलं की टायर मडगार्डला घासून कण्हायचा.

हुमनाबादच्या अलीकडे मी हळूच विचारलं, "मामा, ब्रेक लागत नाही का?"

"लागलालाय की! पण ड्रम तेच, लायनर तेच, चाक तेवढं वाढलं. रहाट कडेला धरून थांबवा, मग आसाजवळ धरून थांबवा, कळंल. त्यात वजन सगळं कडेला. ते नुसतं पुढं पळत नाही, गरगर फिरतंय बी. दोन्ही थांबवायचं कुणी?"

एवढ्यात खड्डा आला. आम्ही उडालो, चाकंही उडाली.

"आता तर लागून बी उपयोग नाही. स्प्रिंगच्या पाट्याखालचं वजन वाढलं की चाक लवकर भुईला टेकत नाही. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून गाडी थांबती व्हय?"

कमलापूरला लाल केळी घ्यायची होती. मामांनी ओळखीच्या केळीवालीसमोर ब्रेक दाबला; थांबलो तिसरीसमोर. तिने मुकाट्याने केळी पुढे केली. हजार-वीसची गिऱ्हाइकं तिच्या सवयीची असावीत.

खरी गंमत मीटरची. तो चाकाचे फेरे मोजतो, आणि मोठं चाक तेवढ्याच वाटेला कमी फेरे घेतं. व्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढला, की रस्त्याकडेच्या दगडांवरचे १०० किलोमीटर मीटरवर ९७ भरतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर महाजन आयोगाने १९६७ साली अख्खा अहवाल लिहिला, तरी सीमेवरचं एक गाव हललं नाही. मालकांनी नुसते टायर बदलून कलबुर्गी तीन किलोमीटर अलीकडे ओढली होती.

मिलमध्ये भाडं मीटरवर ठरलेलं. मालक फोनवर कडाडले, "किलोमीटर कमी अन् डिझेल जास्त? डिझेल गेलं कुठं?"

मामांनी फोन माझ्या हाती दिला. "साहेब, तुम्ही दगड मोजलाव ना? सांगा त्यांना."

दगड मी मोजले होते. पण पहिल्या केळीवालीपासून तिसरीपर्यंतचं अंतर भाड्यात धरायचं की ब्रेकच्या खात्यावर टाकायचं, ते काही ठरेना.