साहेबांची मिसळ

आमच्या हॉटेलात बिलाचं मशीन आलं ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नाकावर टिच्चून. अण्णांची पद्धत सोपी होती. वेटरने लांबूनच गल्ल्याकडे बघून ओरडायचं, "पुढे चष्मेवाले पस्तीस, मागे छत्रीवाले बावीस!" आणि अण्णांनी मान वर न करता तेवढे घ्यायचे. यात गिऱ्हाइकाचा चष्मा, टक्कल, सुटलेलं पोट हे सगळं चारचौघांत जाहीर व्हायचं, पण हिशेब कधी चुकला नाही असं अण्णा म्हणत. चुकला की नाही हे कळायला दुसरा हिशेबच नव्हता, असं माझा नवरा म्हणे.

शेवटी नवरा जिंकला. कॅप्टनच्या हातात टॅब आले, भटारखान्यात प्रिंटर बसला, गल्ल्यावर स्क्रीन आली. टॅबवर बोट टेकवलं की आत टर्रकन चिठ्ठी निघते. तिला धंद्यात केओटी म्हणतात. चिठ्ठीवर टेबल नंबर, पदार्थ, 'तिखट कमी', 'बिनकांदा' असं सगळं असतं. तेच पुढे गल्ल्यावर बिल होऊन उगवतं. वेटरने ओरडायचं कारण उरलं नाही. आमच्या जुन्या वेटरला, ज्यांना सगळी डोंबिवली मामा म्हणते, त्यांना तर पहिले काही महिने घसा धरल्यासारखं व्हायचं.

या सगळ्याचा मूळ पुरुष एक गुत्तेवाला आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन गावी जेम्स रिटी नावाचा गृहस्थ गुत्ता चालवायचा. नोकर गल्ल्यातले पैसे परस्पर खिशात घालतात म्हणून बेजार झालेला. युरोपला जाताना बोटीवर पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र त्याने पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं की फेरे मोजता येतात तर पैसे का नाहीत? 1879 साली त्याने आणि त्याच्या भावाने पेटंट घेतलं आणि पुढे यंत्राचं नाव ठेवलं 'भ्रष्ट न होणारा कॅशियर'. हे नवऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "म्हणजे जन्मच संशयातून." अण्णांचा नोकरांवर पूर्ण विश्वास होता. संशय होता तो फक्त मुलावर.

तर 2025 साली आषाढी एकादशी 6 जुलैला आली, आणि ती रविवारी आली. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. एरवी रविवार हा मिसळवाल्यांचा आणि एकादशी ही खिचडीवाल्यांची. त्या दिवशी दोन्ही फौजा एकाच दारात उभ्या राहिल्या. वर पाऊस, त्यामुळे प्रत्येकाची ठिबकणारी छत्री हे आणखी एक गिऱ्हाईक. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आमच्या धंद्याचं ब्रीदवाक्यच म्हणायला हरकत नाही. उपासाचं थालीपीठ झाल्यावर बटाट्याची भाजी, तिच्यावर पियूष, आणि मग "आज काही खायचं नाहीये, म्हणून थोडी खिचडी पार्सल द्या."

साडेनऊच्या सुमाराला भटारखान्याचे वस्ताद कमरेवर हात ठेवून बाहेर आले आणि मला म्हणाले, "वहिनी, आज गर्दी कमी दिसते." त्यांच्या पाठीमागे रांग पार फुटपाथवर गेली होती.

यंत्र बिघडलं की खडखड करतं, धूर सोडतं, निदान एखादा लाल दिवा तरी लावतं, अशी आपली समजूत असते. केओटीचा प्रिंटर असलं काही करत नाही. तो गप्प बसतो. बाहेर कॅप्टन समजतो ऑर्डर गेली, आत वस्ताद समजतात ऑर्डर आली नाही, आणि मध्ये गिऱ्हाईक पाण्याचा तिसरा ग्लास पीत एकदा घड्याळाकडे आणि एकदा शेजारच्या टेबलाकडे बघत बसतं.

पहिला आळ आला कागदाच्या रोळावर. या कागदाला शाई लागत नाही. त्याच्या एका बाजूला लेप असतो आणि तो उष्णतेने काळा पडतो. रोळ उलटा घातला की कोरी चिठ्ठी निघते. मामांनी कागद हातात घेऊन त्यावर नखाने ओरखडा काढला. काळी रेघ उमटली, म्हणजे बाजू बरोबर. तेवढ्यात गल्ल्यावरची स्क्रीनही गोल गोल फिरायला लागली. नवऱ्याने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा अत्यंत सभ्य होता. म्हणाला, "सर, मी इथूनच तुमची स्क्रीन बघतो, फक्त तुमचं इंटरनेट चालू असू द्या." इंटरनेट चालू असतं तर आम्ही त्याला कशाला छळलं असतं? नवऱ्याने मला धीर दिला की 15 मार्च 2024 ला मॅकडोनाल्ड्सचीसुद्धा जपानपासून ब्रिटनपर्यंत दुकानं अशीच अडली होती. खरं असेल. पण जपानात कोणी काउंटरवर येऊन "माझा उपास आहे, मला चक्कर येतेय" असं म्हणालं असेलसं वाटत नाही.

आत ऑर्डरी ओरडून द्यायला लागलो. मामांचा घसा मोकळा झाला, चेहऱ्यावर कळा आली. खरा पेच बिलाचा होता. यूपीआयचा स्पीकर स्वतःच्या सिमकार्डावर चालतो, त्यामुळे तो ठणठणीत होता. गिऱ्हाइकांचे मोबाइलही चालू होते. म्हणजे पैसे घ्यायची सोय शाबूत. किती घ्यायचे, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. जूनमध्ये वाढवलेले दर फक्त मशीनला ठाऊक होते. मेनूकार्डावर जुने.

तेव्हा अण्णांनी गल्ल्याखालून एक गठ्ठा काढला. कार्बन घातलेली जुनी बिलबुकं. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा त्यांनी हौसेने छापून घेतलेली, तळाशी सहा आणि सहा असा बारा टक्क्यांचा कर छापलेला. 15 नोव्हेंबरपासून दर पाच टक्क्यांवर आला आणि साडेचार महिन्यांत बुकं बाद झाली. "कागद चांगला आहे," म्हणून अण्णांनी ती ठेवली होती. आता मी सहा खोडून अडीच, पुन्हा सहा खोडून अडीच लिहीत बसले.

आणि मग सुरू झाला कबुलीजबाबांचा कार्यक्रम. काय खाल्लं ते गिऱ्हाइकांनाच विचारायचं ठरलं. मला वाटलं होतं, लोक लपवतील. लोक भांडायला लागले, पण आपापसांत. "तू दोन वडे खाल्लेस." "एकच, दुसरा तुझ्या आईने घेतला." "आईचा उपास आहे!" "साबुदाण्याचाच होता ना?" निवृत्त वाटणाऱ्या एका काकांनी रुमालाने हात पुसले, स्वतःचं पेन काढलं, स्वतःचं बिल लिहिलं, कर काढला, पैशांपर्यंत उतरले, आणि खाली सही करून माझ्याकडून प्रतिसही मागितली. एका तरुण जोडप्याने निम्मं निम्मं करताना खिचडीचे चमचे मोजले. त्यांचं पुढे जमलं की नाही, माहीत नाही.

जिथे एकमत होईना तिथे मामा. या माणसाची स्मरणशक्ती ही फार धोक्याची वस्तू आहे. खिडकीजवळच्या टेबलावर रोज सकाळी फिरून येणारे एक साहेब बसले होते, आज सपत्नीक. मामा तिथूनच गरजले, "साहेबांचं लिहा! दोन खिचडी, एक उपासाचं थालीपीठ, दोन पियूष... आणि एक मिसळ!"

"मिसळ?" बाईंनी आधी मामांकडे, मग साहेबांकडे पाहिलं. "आमचा दोघांचाही उपास आहे."

"जाऊ दे गं," साहेब घाईघाईने म्हणाले. "गर्दीत होतं असं. लावा ती पण."

"लावा काय? न खाल्लेल्याचे पैसे का द्यायचे?" बाई खरोखर चिडल्या होत्या, आमच्यावर. त्या गल्ल्यापाशी येऊन माझ्याशी तत्त्वासाठी भांडत होत्या आणि साहेब त्यांच्या खांद्यावरून मला डोळ्यांनी विनवत होते की बाई, घ्या हो पैसे. मी घेतले. स्पीकरने सगळ्या हॉटेलला रक्कम वाचून दाखवली.

अकराच्या पुढे कधीतरी नवरा गल्ल्यामागे वाकला. तिथे विठ्ठलाची तसबीर आहे. एकादशी म्हणून अण्णांनी सकाळी तिच्याभोवती दिव्यांची माळ सोडली होती. माळेला प्लग हवा होता आणि बोर्डावर जागा नव्हती, म्हणून "ते बिनकामाचं डबडं" काढून ठेवलं होतं. डबडं म्हणजे राउटर. बापलेक क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. विठ्ठलाच्या देखत बोलायची दोघांचीही पंचाईत.

राउटर लावला, आणि आतला प्रिंटर जिवंत झाला. टॅबवर अडकलेली एकूण एक ऑर्डर बाहेर पडायला लागली. जात नाही म्हणून कॅप्टन लोकांनी तीन-तीनदा दाबलेल्या, त्या तीन-तीनदा. वस्तादांच्या गुडघ्यापर्यंत चिठ्ठ्यांची लांब पट्टी लोंबली. ते कामसू माणूस. कोणाला न विचारता त्यांनी चारही शेगड्या पेटवल्या. आम्ही आत पोचेपर्यंत खिचडीच्या बशा टेबलावर, खिडकीत, फ्रिजवर मांडून झाल्या होत्या. दुपारभर सगळा स्टाफ तीच खात होता. वस्तादांना जन्मात पहिल्यांदा एकादशी घडली.

रात्री गल्ला मोजला तर पैसे जास्त भरले. कमी भरले असते तर घरात धोरण ठरलेलं आहे, नवरा तासाभरात दोषी शोधून काढतो. जास्तीचं काय करायचं, हे त्या 1879 सालच्या गुत्तेवाल्यालाही सुचलं नसावं. थोडे सुट्ट्यांचे निघाले. उरले 105. नवऱ्याने मशीनमध्ये सकाळची बिलं उघडली, माळ लागायच्या आधीची. आठ वाजून गेल्यावर, टेबल चार, एक मिसळ 100, कर पाच, रोख जमा. मामांना खाल्लेलं आठवतं. दिलेलं त्यांनी बघितलेलंच नसतं.

अण्णांनी ते 105 रुपये पाकिटात घालून, वर 'खिडकीवाले साहेब' असं लिहून गल्ल्यात ठेवलेत. न खाल्लेल्याचे पैसे आपण ठेवत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. साहेब अजूनही रोज सकाळी येतात. पण हल्ली बाईही त्यांच्याबरोबर फिरायला येतात.