कंबर माझी, श्रेय सगळ्यांचं

घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरचं वजन साधारण ३० किलो. त्यात गॅस १४.२ किलो, बाकी नुसतं लोखंड. गॅसवाला पोऱ्या तो खांद्यावर टाकून शीळ घालत जिना चढतो, म्हणून मीही कमरेत वाकून हात घातला. सिलिंडर जागचा हलला नाही. मी मात्र काटकोनात राहिलो.

बातमी सोसायटीभर झाली. तळमजल्यावरच्या काकूंनी महानारायण तेल धाडलं. साडूंनी कंबरपट्टा आणला आणि ‘मणक्यात गॅप असणार’ हे निदानही. आईने पायाळू माणूस शोधायला सांगितलं. पायाकडून जन्मलेल्याने लाथ मारली की उसण उतरते, हा आपल्याकडचा जुना समज. पायाळू निघाला नेमका माझ्या हाताखालचा कारकून. त्याची रजा मी नुकतीच नामंजूर केली होती. उपचार त्याने मन लावून केला.

मग कळ कुल्ल्यातून मांडीमागून थेट पायाच्या करंगळीपर्यंत उतरू लागली, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ गाठले. त्यांनी मला उताणं निजवून पाय सरळ वर उचलला आणि माझी किंकाळी ऐकून समाधानाने मान डोलावली. सायटिका! दोन मणक्यांमधल्या गादीचं चिवट कडं फाटतं, आतला जेलीसारखा गर बाहेर येतो आणि नस चेपतो.

मी एमआरआयचा हट्ट धरला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला फिल्म नको? डॉक्टर म्हणाले, “पन्नाशी उलटलीय तुमची. या वयात काही दुखत नसलेल्यांच्या गाद्याही झिजलेल्या दिसतात. गरज पडली तर काढू.” गोळ्या, झेपेल तेवढं चालणं, मग फिजिओथेरपी. आणि अंथरुणात लोळायला बंदी! आजारपणातली एकुलती एक चैनही गेली.

बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच शोषून घेतं. तरी कळ हटली नाही तर मणक्यात इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन. तेही पायात उतरणाऱ्या कळेला जितकं लागू पडतं, तितकं नुसत्या कंबरदुखीला नाही.

मलाही उतार पडला आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. काकू तेलाचं नाव घेतात, साडू पट्ट्याचं. कारकुनाने रजेचा नवा अर्ज पुढे केला. तो मी निमूट मंजूर केला.

तेव्हा मंडळी, तेल खुशाल चोळा, लाथ मात्र टाळा आणि चालत राहा. पण लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर काकूंना, साडूंना, कुणालाही विचारत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठा.