कर्जतच्या सलूनातील गाणे: एक मीमांसा

१. क्षेत्रनिश्चिती

प्रस्तुत प्रबंधातले कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले. घाटाचे इंजिन लागेपर्यंत प्रवासी जिथे वडे खातात, त्या रायगडातल्या कर्जताशी आमचा संबंध नाही. विषय: सलून, चहाचे हॉटेल, मोबाइल शॉपी आणि जिम इथे धंदा सुरू असताना मागे वाजणारे गाणे. हे गाणे मन लावून कोणी ऐकत नाही. मात्र बंद पडले की सगळे स्पीकरकडे पाहतात. एवढ्याशा विषयावर संसदेने आणि न्यायालयांनी पुष्कळ वेळ खर्चला आहे, तेव्हा आमचाही थोडा जावो.

२. पूर्वपक्ष

सलूनवाला म्हणतो, "मोबाइल माझा, रिचार्ज माझा, ॲपचे पैसे मी भरतो, स्पीकरचे हप्तेही मीच फेडतो. मग गाणं तेवढं परक्याचं कसं?"

उत्तरपक्ष असा की, ॲपचे पैसे स्वतःच्या कानांपुरते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे गाणे लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क त्याच्या मालकाकडे असतो. लोकांनी ते प्रत्यक्ष ऐकलेच पाहिजे, अशीही अट नाही. गिऱ्हाईक फेशियलखाली घोरत असले तरी कायद्याच्या दृष्टीने गाणे जनतेपर्यंत पोहोचले.

या शास्त्राचा उगम पॅरिसचा. १८४७ साली एर्नेस्त बुर्जे हा गीतकार तिथल्या कॅफेत बसला असता त्याचीच गाणी सुरू झाली. "माझ्या गाण्याचे पैसे तुम्ही देत नाही, मग तुमच्या साखरपाण्याचे मी का देऊ?" अशी त्याची भूमिका. न्यायालयाने ती मान्य केली आणि १८५१ मध्ये गीतकार-संगीतकारांसाठी पैसे वसूल करणारी 'सासेम' ही संस्था उभी राहिली. भारतात हेच काम 'आयपीआरएस' १९६९ पासून करते.

३. गाण्याचे तुकडे

गाणे एक, हक्क अनेक. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण कंपनीचे; गायकाचा हक्क त्याहून निराळा. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस. ध्वनिमुद्रणासाठी १९४१ पासूनची 'पीपीएल', 'नोव्हेक्स' किंवा कंपनी सांगेल ती संस्था. भावाभावांत वाटणी होऊन बांधच जास्त झालेल्या वावरासारखी ही गत.

'सांगत्ये ऐका' हा चित्रपट १९५९ चा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांचा, म्हणून त्या वेळच्या तबकड्या १ जानेवारी २०२० पासून मोकळ्या झाल्या. शब्दांवरचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. या चित्रपटाची गाणी लिहिणारे ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. म्हणजे सलूनात आवाज फुकट आणि शब्द विकत!

४. अपवादप्रकरण

कलम ५२ प्रमाणे धार्मिक विधी आणि सरकारचे वा स्थानिक संस्थेचे अधिकृत समारंभ यांना माफी आहे. धार्मिक विधीत लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी निगडित समारंभही धरले आहेत. म्हणून कर्जतच्या गोदड महाराजांच्या रथयात्रेतले धार्मिक संगीत मोकळे आणि नगरपंचायतीच्या अधिकृत समारंभातलेही मोकळे. वरातीचा डीजे सलूनाच्या काचा हादरवीत जातो तोही परवान्यावाचून. ध्वनिप्रदूषणाचा कायदा वेगळा. तेच गाणे आत दाढी चालू असताना हळू आवाजात लागले की परवाना हवा.

यातून एक गहन प्रश्न उद्भवतो. खुर्चीत खुद्द नवरदेव बसला असेल, तर त्याची दाढी हा लग्नाशी निगडित समारंभ समजावा काय? हा प्रश्न आम्ही खंडपीठावर सोपवतो. रसवंतीच्या घुंगरांबद्दल मात्र शंका नको. त्यांना संगीतकार नाही, सबब हक्क नाही.

५. परदेशमत

अमेरिकेने १९९८ मध्ये दुकानाचे क्षेत्रफळ प्रमाण मानले. ३,७५० चौरस फुटांखालचे खानावळवाले आणि २,००० चौरस फुटांखालचे इतर दुकानदार रेडिओ-टीव्हीवरची गाणी विनापरवाना ऐकवू शकतात. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने इटलीतल्या तुरिनच्या एका दंतवैद्याला सोडले. रुग्ण दात दाखवायला येतात, गाणी ऐकायला नाही. हा न्याय कटिंगला लावला तर कर्जतचे प्रत्येक सलून सुटेल. पण आपल्याकडे फुटांची सवलत नाही आणि दातांचीही नाही.

६. न्यायालयमत

जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, पीपीएल आणि नोव्हेक्स नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी नसल्या तरी मालक या नात्याने परवाने देऊ शकतात. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पीपीएलबाबत उलट मत दिले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या खंडपीठाच्या निर्देशाला स्थगिती दिली. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या नफ्यासाठी केले नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. गाण्यामुळे दाढीचा दर एका रुपयानेही वाढलेला नाही, हा पुरावा कोणताही सलूनवाला देईल.

७. निर्णय

गीतकार-संगीतकारांचे पैसे बुडवू नयेत. कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना रॉयल्टीत समान वाटा मिळाला, तो सहजासहजी मिळालेला नाही. पण दोन खुर्च्यांच्या दुकानदाराने तीन संस्था, दोन उच्च न्यायालये आणि कवीची पुण्यतिथी लक्षात ठेवून गाणे लावावे, ही अपेक्षा शास्त्रालाही झेपणारी नाही. सबब आमचा निवाडा: पैसे घ्यावेत, पण खिडकी एक असावी, पावती मराठीत असावी आणि दर खुर्च्यांवर ठरावा.