फोटो नको, सुतार बोलवा

हॉल नवा करायचा ठरला की घरात सगळ्यात आधी येतो तो फोटो. मोबाइलवर साठवलेला, कुणाच्या तरी बड्या घराचा. पांढरी भिंत, कोपऱ्यात पानांचं मोठं झाड, आणि मधोमध ती खुर्ची. सागवानी, वेतानं विणलेली, कंपाससारख्या फाकलेल्या पायांची. ‘अस्साच लुक हवा, पण बजेटमध्ये.’ ओळखीच्या इतक्या घरांत हे ऐकलंय की आता त्या खुर्चीबद्दल बोलायलाच हवं.

ती खुर्ची चंदीगडची. 1950च्या दशकात तिथे नवी राजधानी उभी राहत होती. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए आराखडे देत होता आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे तिथेच मुक्काम ठोकून ते उभे करून घेत होता. सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ, ग्रंथालय, वसतिगृहं. हजारो माणसं बसणार होती आणि खर्च सरकारी तिजोरीतून व्हायचा होता. जानरे आणि युली चौधरींसारख्या त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी मग हाताशी होतं ते घेतलं. वाळवी आणि ओल यांना पुरून उरणारं सागवान, उन्हाळ्यात पाठीला हवा लागू देणारा वेत, आणि तिथलेच सुतार. खुर्ची कारकुनासाठी होती, विद्यार्थ्यासाठी होती.

ज्या वस्तूची स्वस्तातली नक्कल आपण शोधतोय, ती मुळात काटकसरीतूनच जन्मली. हे एकदा नीट कळलं की पुढचा सगळा हिशेब बदलतो.

तिचं पुढे काय झालं तेही ऐका. कार्यालयांत नवं फर्निचर आलं आणि ही जुनी खुर्ची गच्चीवर, आवारात, पावसात ढीग होऊन पडली. भंगाराच्या भावानं लिलावात गेली. युरोपातल्या विक्रेत्यांनी ती उचलली, घासूनपुसून नव्यानं विणली आणि लाखोंना विकली. भारत सरकारच्या गृहमंत्रालयाला 2011मध्ये आदेश काढून या वारशाच्या फर्निचरची विक्री थांबवावी लागली. एमी सीगल या कलावतीची 2013ची ‘प्रोव्हेनन्स’ नावाची फिल्म हाच प्रवास उलटा दाखवते. सुरुवात परदेशातल्या श्रीमंत घरांत, मग लिलाव, मग दुरुस्ती, बोटीचा प्रवास, आणि शेवटी चंदीगडची ती कार्यालयं. ज्यांच्या पाठीवर खात्याची आद्याक्षरं आणि नोंदीचा आकडा रंगवलेला आहे, त्या खुर्च्यांना आज जास्त मान. आपल्याकडे तो आकडा दिसला की ती खुर्ची ‘जुनी सरकारी’ म्हणून अडगळीत जायची.

चंदीगडला कशाला नावं ठेवायची? आपल्याच घरातली आजोबांची वेताची आरामखुर्ची कुठे गेली? वेत फाटला म्हणून वजनावर गेली. आणि तिच्या जागी आता काय येतंय? फोटोतल्या खुर्चीसारखी दिसणारी वस्तू. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या घरात अशीच एक पाहिली. लाकूड म्हणजे एमडीएफवर चिकटवलेला सागवानी छापाचा कागद. वेत म्हणजे प्लास्टिकची जाळी. पाय दोन स्क्रूंवर तोललेले. घरातल्या आजींना सांगितलं होतं, ‘तुम्ही त्यावर नका बसू.’ मला हे लागलं. ज्या खुर्चीवर घरातलं थोरलं माणूस बसू शकत नाही, तिच्यावर घातलेला एकेक रुपया वाया गेला असं मी मानतो, मग ती कितीही स्वस्त पडलेली असो.

बजेट कमी आहे ना? मग सुतार बोलवा. सगळा हॉल नको, एकच खुर्ची करायला सांगा. पुण्यात वाडे पाडले जातात तेव्हा दारं, चौकटी, तुळया निघतात आणि ते जुनं सागवान विकायला येतं. ते आधीच मुरलेलं असतं, पुढे वाकण्याची भीती कमी. खिळ्यांची भोकं असतील, असू द्यात. सुताराला नुसता फोटो दाखवू नका, फोटोत माप नसतं. घरात ज्या खुर्चीवर तुम्हाला खरोखर सुख वाटतं तिची उंची, बैठकीची खोली, हाताची उंची मोजून द्या. सांधे लाकडात लाकूड बसवून करायला सांगा, आणि पॉलिश करण्याआधी कच्च्या खुर्चीवर एकदा बसून बघा. बदल करायचा तर तेव्हाच होतो.

यात कुणाची चोरी होते का? जुनी म्हणून विकलीत, खोटा आकडा रंगवलात तर ती फसवणूक. आपल्या माणसांना बसायला करून घेतलीत, तर तेव्हाच्या सुतारांनी जे केलं तेच तुमचा सुतार करतोय.

वेत मात्र हातानं विणून घ्या. तयार जाळीचा गुंडाळा मिळतो; तो खाचेत दाबून चिकटवला की काम तासाभरात होतं. हाताच्या विणीत चौकटीला रांगेनं भोकं पाडतात, आधी उभे पदर, मग आडवे, मग दोन्ही बाजूंनी तिरके, आणि त्यातून ती आठकोनी घरं उमटतात. हे काम करणारे कितीतरी कारागीर अंध आहेत. अंधांसाठीच्या संस्थांमध्ये ते ही वीण शिकले, आणि कार्यालयांतल्या वेताच्या खुर्च्या वर्षानुवर्षं त्यांच्या बोटांवर टिकल्या. प्लास्टिकची जाळी घेताना आपण नेमका या कारागिरांचा पगार वाचवतो. वाचवायचा असेल तर दुसरीकडे वाचवा. खोट्या छताचे पैसे वाचवा. टीव्हीमागच्या चकचकीत पॅनेलचे वाचवा.

आणि त्या फोटोतलं अर्धं सौंदर्य उजेडाचं असतं, हेही कुणी सांगत नाही. आपल्या हॉलमध्ये छताला एक पांढरीफेक ट्यूब, 6500 केल्विनची. तिच्याखाली सागवानही फिकं पडतं. संध्याकाळी ती बंद करा आणि 2700 केल्विनचा पिवळसर दिवा खुर्चीशेजारी, डोक्याच्या उंचीवर लावा. खर्च काहीशे रुपयांचा. खाली घोंगडी अंथरा, पाठीवर सोलापुरी चादर टाका. भिंत मोकळी सोडा. मोकळ्या भिंतीला पैसे पडत नाहीत.

दोन-चार वर्षांनी वेत सैल होईल. घाबरून भंगारवाल्याला हाक मारू नका. खुर्ची उलटी करा, गरम पाण्यात पिळलेलं फडकं वेताच्या खालच्या बाजूवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी बोटानं टिचकी मारलीत की आवाज येईल, ताणलेल्या डफाचा.